सीटी स्कॅनवर दात मोजताना: आकडा ठरतो तो सीमेवर

कॅलिपरने दाताची रुंदी आणि लांबी मोजता येते. पण इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, किती जाड आहे, आतल्या मऊ गाभ्याच्या, म्हणजे पल्पच्या, पोकळीचं आकारमान किती, वाकड्या मुळातली नळी नेमकी कुठे वळते, हे बाहेरून कळत नाही. दात कापला तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. पातं इनॅमलच्या थराला काटकोनात न लागता तिरकं लागलं की जाडी खोटी वाढते. २० अंश तिरकं गेलं तर सुमारे ६ टक्के, ३० अंश गेलं तर १५ टक्के. शिवाय पात्याच्या रुंदीएवढ्या दाताची पूड होते, आणि दुसऱ्या दिशेचा छेद हवा असेल तर दात उरलेलाच नसतो. सीटीचा मोठा फायदा हाच, की एकदा नीट स्कॅन झाला की त्याच दातातून हव्या त्या कोनाचा छेद कितीही वेळा घेता येतो.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की असायला हवी. सीटीच्या चित्रात दात नसतो, राखाडी छटांचे ठोकळे असतात. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. दात कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते, इनॅमल कुठे संपतं आणि त्याच्या आतला थर, म्हणजे डेंटिन, कुठे सुरू होतं, हे आपण ठरवतो. त्या ठरवण्यातून आकडा निघतो. स्कॅनच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येक पायरीकडे ‘यामुळे माझी सीमा सरकते का?’ याच नजरेने पाहावं.

पहिला निर्णय यंत्राचा. रुग्णालयातल्या नेहमीच्या सीटीत काप साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दंतवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या, शंकूच्या आकाराच्या किरणझोताच्या कोन बीम सीटीत, म्हणजे सीबीसीटीत, व्हॉक्सेल यंत्रानुसार ०.०८ ते ०.४ मिमीपर्यंत मिळतो. मायक्रो-सीटीत अख्खी दाढ १० ते ३० मायक्रोमीटरच्या व्हॉक्सेलने स्कॅन होते, पण त्यात फक्त काढलेले दात किंवा अवशेष ठेवता येतात. मायक्रो-सीटीची सुरुवात १९८२ साली झाली. लंडनमध्ये एलियट आणि डोव्हर यांनी एका छोट्या गोगलगायीचा शंख अशा पद्धतीने स्कॅन केला. त्यांतले एलियट हे दातांच्या खनिजाचे अभ्यासक होते, त्यामुळे या तंत्राचं आणि दाताचं नातं जुनं आहे.

व्हॉक्सेल १२ मायक्रोमीटरचा आहे म्हणजे १२ मायक्रोमीटरचा तपशील दिसतो, असं समजू नये. प्रत्यक्षात वेगळं दिसू शकणारं सर्वांत लहान अंतर साधारण दोन ते तीन व्हॉक्सेल धरावं. जाडी मोजायची असेल तर कामाचा नियम असा, की मोजायच्या थरात आडवे निदान दहा व्हॉक्सेल बसले पाहिजेत. दाढेच्या टोकाशी इनॅमल दोन-अडीच मिलिमीटर असतं, तिथे सीबीसीटीसुद्धा काहीतरी सांगेल. दाताच्या मानेशी इनॅमल निमुळतं होत शून्यावर येतं, तिथे कुठल्याही यंत्राची शेवटची पट्टी हरवणारच.

सीमा थोडी सरकली तर काय होतं, याचं गणित करून पाहू. समजा एका दाढेचं आकारमान १००० घनमिलिमीटर आणि पृष्ठफळ ६५० चौरस मिलिमीटर आहे. ०.२ मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये सीमा अर्धा व्हॉक्सेल बाहेर गेली, तर आकारमान ६५ घनमिलिमीटरने, म्हणजे साडेसहा टक्क्यांनी वाढेल. त्याच दाढेतला पल्प २० घनमिलिमीटरचा आणि त्याचं पृष्ठफळ ८० चौरस मिलिमीटर धरलं, तर तेवढ्याच चुकीने पल्पचं आकारमान ८ घनमिलिमीटरने बदलेल. ही चूक ४० टक्क्यांची झाली. व्हॉक्सेल ०.०२ मिमीचा घेतला की हीच चूक ४ टक्क्यांवर येते. पल्प आणि दात यांच्या आकारमानाच्या गुणोत्तरावरून वयाचा अंदाज बांधणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडून पाहावा. सीमा सरकते तेव्हा दात एका दिशेने चुकतो आणि पल्प नेमका उलट दिशेने, त्यामुळे गुणोत्तरातली चूक आणखी वाढते.

आता दाताच्या तयारीकडे. काढलेला दात निर्जंतुक करताना अमाल्गम (पारा असलेलं धातूचं मिश्रण) भरलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालू नये, त्यातून पाऱ्याची वाफ निघते. साधं, बफर न केलेलं फॉर्मेलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि खनिज विरघळवतं, तेही टाळावं. सर्वांत जास्त नुकसान मात्र दात वाळल्याने होतं. डेंटिनमध्ये कोलॅजन आणि पाणी असतं. ते सुकलं की डेंटिन आकसतं, इनॅमल आकसत नाही, आणि दोघांच्या सांध्यावर व आसपास तडे जातात. स्कॅनमध्ये हे तडे हवेसारखे काळे दिसतात आणि सेगमेंटेशन करताना, म्हणजे चित्राचे इनॅमल, डेंटिन, पल्प, हवा असे भाग वेगळे काढताना, पल्पशी किंवा बाहेरच्या हवेशी जोडले जातात. उपाय सोपा आहे. दात टिपकागदाने वरवर पुसून पॅराफिल्ममध्ये, म्हणजे मेणासारख्या ताणता येणाऱ्या पातळ पट्टीत, गुंडाळावा, झाकणाच्या प्लॅस्टिक नळीत ठेवावा आणि नळीच्या तळाशी ओल्या स्पंजचा तुकडा टाकावा. स्पंज दाताला टेकू देऊ नये, नाहीतर दाताच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा अशी पार्श्वभूमी होते आणि दोन बाजूंच्या सीमा दोन वेगळ्या ठिकाणी पडतात.

दात घट्ट धरायला थर्मोकोल, फुलं खोचायचा फोम किंवा मेण वापरावं. खेळण्यातल्या मातीत खनिज असतं, ती चित्रात उजळ दिसते. मेण आणि फोम थोडे बसतात, म्हणून नळी यंत्रात ठेवल्यावर अर्धा तास तशीच राहू द्यावी आणि मग स्कॅन सुरू करावा. स्कॅन संपल्यावर ० आणि ३६० अंशांवरची चित्रं एकमेकांवर ठेवून पाहावीत. दात एक पिक्सेलभर जरी सरकलेला दिसला तरी स्कॅन पुन्हा घ्यावा. हलल्याने कडा दुहेरी होते आणि दुहेरी कडेत सीमा शोधण्यात अर्थ नाही.

दात उभाच ठेवावा, म्हणजे किरणांना कमी जाडीतून जावं लागतं. पण अगदी सरळ उभा नको, १० ते १५ अंश कललेला बरा. कोन बीममध्ये मधल्या पातळीपासून वर-खाली जाताना माहिती अपुरी पडत जाते. फेल्डकॅम्प आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडलेली पुनर्रचनेची, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतल्या क्ष-किरण चित्रांवरून त्रिमितीय चित्र उभं करण्याची, पद्धत आजही बहुतेक यंत्रांत वापरली जाते आणि ती मधल्या पातळीबाहेर अंदाजी असते. फिरण्याच्या पातळीला समांतर असलेले सपाट भाग, उदाहरणार्थ झिजलेल्या दाढेचा माथा, त्यात अस्पष्ट होतात. दात थोडा कलला की ते भाग समांतर राहत नाहीत.

भूमितीचं उदाहरण घेऊ. डिटेक्टरचा पिक्सेल ५० मायक्रोमीटरचा, किरणस्रोतापासून दात १०० मिमीवर आणि डिटेक्टर ४०० मिमीवर. वर्धन चारपट, म्हणून व्हॉक्सेल १२.५ मायक्रोमीटरचा. डिटेक्टर २००० बाय २००० पिक्सेलचा असेल तर २५ मिमीचं क्षेत्र मिळतं, त्यात वीस-बावीस मिमी लांबीची दाढ बसते. किरणस्रोताचा ठिपका ८ मायक्रोमीटरचा असेल तर त्यामुळे दाताच्या जागी ६ मायक्रोमीटरची अस्पष्टता येते. ती व्हॉक्सेलपेक्षा कमी आहे, म्हणून चालेल. मात्र वेळ वाचवायला ट्यूबची शक्ती वाढवली की ठिपकाही मोठा होतो आणि मग १२.५ चा व्हॉक्सेल फक्त कागदावर राहतो. प्रोजेक्शनची, म्हणजे दात फिरवत घेतलेल्या क्ष-किरण चित्रांची, संख्या दाताच्या रुंदीवर ठरते. दात जितके पिक्सेल रुंद, त्याच्या सुमारे १.५७ पट प्रोजेक्शनं हवीत. १२ मिमीची दाढ इथे ९६० पिक्सेल होते, म्हणजे साधारण १५०० पुरतात.

ऊर्जेच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: फिल्टरशिवाय, म्हणजे किरणांच्या वाटेत धातूचा पत्रा न ठेवता, दात स्कॅन करू नये. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, डेंटिन सुमारे ७० टक्के. मऊ, म्हणजे कमी ऊर्जेची, किरणं इनॅमलच्या पहिल्याच थरात शोषली जातात आणि आत पोहोचतात ती फक्त कठीण, जास्त ऊर्जेची किरणं. पुनर्रचना करणाऱ्या प्रोग्रॅमला हे ठाऊक नसतं. त्यामुळे बाहेरचं इनॅमल खऱ्यापेक्षा उजळ आणि आतलं मंद दिसतं, दोन टोकांच्या मधल्या डेंटिनमध्ये काळसर पट्टे उमटतात. एकच दात, एकच पदार्थ, पण राखाडी मूल्य जागेनुसार बदलतं. अशा चित्रावर सबंध दातासाठी एकच थ्रेशोल्ड, म्हणजे सीमा ठरवणारं राखाडी मूल्य, लावला की टोकाशी इनॅमल जाड निघतं आणि खाचेत पातळ. दाढेसाठी १०० किलोव्होल्टच्या आसपास, अर्धा मिमी ॲल्युमिनियम आणि तांब्याचा पातळ पत्रा, ही सुरुवातीसाठी चांगली जुळणी आहे. सर्वांत जाड दिशेतसुद्धा निदान १० टक्के किरणं डिटेक्टरवर पोहोचत आहेत ना, हे पाहावं. फिल्टरने किरणं कमी होतात, तेव्हा एक्सपोजर वाढवावं आणि जास्त वेळ द्यावा. या दोषावरची सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती बेताने वापरावी. ती सहसा एकाच पदार्थाच्या वस्तूसाठी असते, दातात पदार्थ दोन आहेत. जास्त दुरुस्ती केली की मधला भागच उजळ होतो. इनॅमलच्या सगळ्यांत जाड जागी आडवी रेघ ओढून राखाडी मूल्यांचा आलेख पाहावा. आलेख सपाट येईपर्यंतच दुरुस्ती करावी, पुढे नाही.

धातूची भरणी असलेला दात टाळता येत असेल तर टाळावाच. अमाल्गमच्या भोवतीचे पट्टे कितीही पुसले तरी त्यांच्याखालची माहिती परत येत नाही.

पुनर्रचनेत दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चित्रात एकाभोवती एक वर्तुळं दिसली तर ती डिटेक्टरच्या बिघडलेल्या किंवा असमान पिक्सेलची आहेत, स्कॅनआधी रिकाम्या क्षेत्राची, म्हणजे दात न ठेवता घेतलेल्या चित्रावरून होणारी, दुरुस्ती ताजी करून घ्यावी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १६ बिटवरून ८ बिटवर येताना खालची आणि वरची मर्यादा प्रत्येक दातासाठी प्रोग्रॅमला आपोआप ठरवू देऊ नये. तसं केलं तर एका दातातलं १५० आणि दुसऱ्यातलं १५० या दोन वेगळ्या गोष्टी होतात. मर्यादा सगळ्या दातांना सारखी ठेवावी. २००० व्हॉक्सेलच्या घनाची फाइल १६ बिटमध्ये १६ जीबी होते, म्हणून ८ बिटचा मोह होतोच. तो सोडवत नसेल तर निदान मर्यादा एक असू द्या.

आता सेगमेंटेशन. आठ बिटच्या एका चित्रात हवा २०, डेंटिन १२० आणि इनॅमल २०० आहे असं समजा. दोन पदार्थांमधली कडा धूसर असते, मूल्य हळूहळू चढत जातं. खरी सीमा त्या चढाच्या मध्यावर धरणं हा सर्वांत समजण्याजोगा नियम आहे. स्पूर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली इनॅमल मोजण्यासाठी हीच पद्धत वापरली. मग इनॅमल आणि हवा यांची सीमा ११० वर येते, डेंटिन आणि हवा यांची ७० वर, इनॅमल आणि डेंटिन यांची १६० वर. पल्पमध्ये पाणी असेल आणि त्याचं मूल्य ४० असेल, तर डेंटिन आणि पल्प यांची सीमा ८० वर. एका दातात चार वेगळ्या सीमा आहेत. ‘दातासाठी थ्रेशोल्ड किती ठेवायचा?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणाची आणि कोणाची सीमा, हे आधी सांगावं लागतं.

ओत्सूची १९७९ सालची पद्धत हिस्टोग्रॅमवरून, म्हणजे कोणतं राखाडी मूल्य किती व्हॉक्सेलमध्ये आहे त्याच्या आलेखावरून, आपोआप थ्रेशोल्ड काढते. ती सोयीची आहे, पण तिचं उत्तर चित्रात हवा किती आणि दात किती यावरही हलतं. तोच दात चित्राची चौकट मोठी ठेवून आणि मग आवळून अशा दोन्ही प्रकारे तपासला तर दोन थ्रेशोल्ड मिळू शकतात. वापरायची असेल तर दाताभोवतीचं क्षेत्र आखण्याचा नियम सगळ्या नमुन्यांना एकच ठेवावा.

अजून एक सापळा हमखास लागतो. इनॅमल आणि हवा यांच्यामधल्या चढात मूल्य २०० वरून २० पर्यंत उतरताना १२० मधूनही जातं, म्हणजे नेमकं डेंटिनचं मूल्य. त्यामुळे ७० ते १६० मधलं सगळं डेंटिन असं सांगितलं की इनॅमलच्या बाहेर डेंटिनचा एक-दोन व्हॉक्सेलचा पापुद्रा तयार होतो. डोळ्याला तो नगण्य वाटतो, पण पूर्ण मुकुटावर, म्हणजे दाताच्या इनॅमलने झाकलेल्या भागावर, पसरलेला असल्याने इनॅमलचं आकारमान चांगलंच घटवतो. तो हाताने पुसत बसण्यापेक्षा आधी इनॅमल, डेंटिन आणि हवा यांच्या गाभ्यात खुणा ठेवून वॉटरशेड ही त्या खुणांपासून भाग वाढवत नेणारी पद्धत चालवावी. त्यात सीमा मूल्यावर न ठरता मूल्याच्या सर्वांत तीव्र बदलावर ठरते, आणि पापुद्र्याला उगम नसल्याने तो तयारच होत नाही. थ्रीडी स्लायसर आणि फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं करता येतं. मुळावरचा पातळ कठीण थर, सिमेंटम, मात्र बहुतेक स्कॅनमध्ये डेंटिनपासून वेगळा काढता येत नाही, दोघांची घनता फार जवळची आहे. तिथे ओढून-ताणून रेघ काढू नये. मूळ सिमेंटमसकट मोजलं आहे असं स्पष्ट लिहावं.

सेगमेंटेशन झालं की इनॅमलची सरासरी जाडी काढणं सोपं आहे: मुकुटातल्या इनॅमलचं आकारमान भागिले इनॅमल आणि डेंटिन यांच्या सांध्याचं पृष्ठफळ. समजा २२० घनमिलिमीटर आणि १७५ चौरस मिलिमीटर, तर जाडी १.२६ मिमी. लहान-मोठ्या दातांची तुलना करायची असेल तर या जाडीला मुकुटातल्या डेंटिन आणि पल्पच्या आकारमानाच्या घनमुळाने भागून १०० ने गुणतात. २८० घनमिलिमीटरचं घनमूळ ६.५४, म्हणून सापेक्ष जाडी १९.२. सूत्र साधं आहे, पण यात मुकुट कुठे संपवायचा हा प्रश्न दडलेला आहे. मानेजवळ इनॅमलची कड वर-खाली लाटेसारखी जाते, त्यातून एकच सपाट पातळी काढायची तर ती कडेच्या सर्वांत खालच्या बिंदूंवरून काढायची की सगळ्या कडेच्या सरासरीवरून? दोन्ही प्रकारे काम होतं, पण आकडे जुळत नाहीत. पद्धत एक ठरवावी आणि लिहावी.

सांध्याचं पृष्ठफळ व्हॉक्सेलच्या बाहेरच्या चेहऱ्यांची बेरीज करून कधीही काढू नये. ठोकळ्यांच्या पायऱ्यांमुळे ते फुगतं. गोलाचं पृष्ठफळ अशा मोजणीत दीडपट येतं, आणि व्हॉक्सेल कितीही बारीक केला तरी दीडपटच राहतं. आकारमान व्हॉक्सेल मोजून काढावं, पृष्ठफळ मेशवरून, म्हणजे सीमेवर विणलेल्या त्रिकोणांच्या जाळीवरून. मेश गुळगुळीत करताना साधं स्मूदिंग दाताची टोकं खाऊन टाकतं. तौबिनची १९९५ सालची पद्धत हे आकसणं बरंच टाळते. स्मूदिंगच्या आधीचं आणि नंतरचं आकारमान पडताळून पाहावं, फरक अर्ध्या टक्क्याच्या वर गेला तर हात आवरता घ्यावा.

जागोजागची जाडी हवी असेल तर त्या जागी आत बसणारा सर्वांत मोठा गोल शोधण्याची हिल्डेब्रँड आणि रुएग्सेगर यांची १९९७ सालची पद्धत फिजीतल्या बोनजेमध्ये मिळते. रुंदीसाठी मात्र पडद्यावर दोन बिंदूंवर क्लिक करून अंतर घेऊ नये. दोन समांतर पातळ्या दाताच्या दोन बाजूंना टेकवून त्यांमधलं अंतर घ्यावं. कॅलिपर तेच करतो, म्हणून जुन्या मोजमापांशी तुलना करता येते.

यंत्र सांगतं तो व्हॉक्सेल खरा आहे का, हेही तपासावं लागतं. लांबीत १ टक्का चूक असेल तर आकारमानात ती ३ टक्के होते. यासाठी कार्बन फायबरच्या काडीवर बसवलेले दोन माणकाचे गोल, ज्यांच्या केंद्रांमधलं अंतर प्रमाणित आहे, दातासारख्याच भूमितीत, स्टेज न हलवता स्कॅन करावेत. युक्ती अशी आहे: थ्रेशोल्ड चुकला तर दोन्ही गोल सारखेच फुगतात किंवा आकसतात, केंद्रं जागच्या जागी राहतात. म्हणून केंद्रांतलं अंतर चुकलं तर दोष मापाच्या प्रमाणाचा. अंतर बरोबर आणि व्यास चुकीचा असेल तर दोष थ्रेशोल्डचा. दोन चुका वेगळ्या काढणारी याहून स्वच्छ चाचणी आम्हाला माहीत नाही. तेही जमत नसेल तर दात दोऱ्याला टांगून पाण्यात वजन करावा. हवेतल्या आणि पाण्यातल्या वजनांच्या फरकाला पाण्याच्या घनतेने, २० अंश सेल्सियसला दर घनसेंटिमीटरला ०.९९८२ ग्रॅमने, भागलं की आकारमान मिळतं. पल्पमध्ये अडकलेला बुडबुडा हा आकडा बिघडवतो, तो आधी निर्वातात काढावा. नंतर सीटीतलंही पल्प वगळून आलेलं आकारमान त्याच्याशी ताडावं.

खनिजाची घनता काढायची असेल तर थोडं सबुरीने घ्यावं. यंत्रांबरोबर येणारे हायड्रॉक्सिॲपटाइटचे, म्हणजे दात-हाडातल्या खनिजाचे, नमुने बहुधा ०.२५ आणि ०.७५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरचे असतात, ते हाडासाठी बनवलेले आहेत. इनॅमल अडीचच्या पुढे जातं. दोन बिंदूंची रेघ तिपटीपेक्षा जास्त लांब ताणून इनॅमलची घनता वाचणं धोक्याचं आहे.

जिवंत माणसाच्या तोंडातला दात मोजताना बरेच नियम बदलतात. केवळ मोजमापासाठी कोणाला किरणोत्सर्ग देऊ नये. उपचारासाठी घेतलेला स्कॅन असेल तोच वापरावा. सीबीसीटीची राखाडी मूल्यं रुग्णालयातल्या सीटीच्या प्रमाणित हाउन्सफील्ड एककांसारखी स्थिर नसतात, तोंडात दात कुठे आहे आणि शेजारी काय आहे यावर ती बदलतात. म्हणून एका रुग्णाचा थ्रेशोल्ड दुसऱ्याला लावता येत नाही, सीमा दर दाताच्या आसपासच्या मूल्यांवरून काढावी. वरचे-खालचे दात मिटलेले असतील तर इनॅमलला इनॅमल चिकटून दिसतं. स्कॅनच्या वेळी दातांमध्ये कापसाची गुंडाळी ठेवली की हा प्रश्न मिटतो. मुळाची बाजू जास्त अवघड. मूळ आणि हाड यांमधला तंतूंचा थर साधारण ०.२ मिमीचा, आणि व्हॉक्सेलही तेवढाच किंवा मोठा. त्यामुळे मुळाची कड हाडात मिसळते आणि प्रोग्रॅम हाडाचे तुकडे मुळाला जोडून देतो. मुळाची लांबी अशा स्कॅनवर एक-दोन व्हॉक्सेलच्या फरकाने मिळते. मुळाचं आकारमान मात्र प्रत्येक काप डोळ्याने तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

पुनरावृत्तीची चाचणी घेताना तयार मेशवर पुन्हा क्लिक करून भागत नाही. कच्च्या चित्रापासून सेगमेंटेशन पुन्हा करावं, काही दिवसांच्या अंतराने, आधीचे आकडे न पाहता. दोन वेळच्या फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले नमुन्यांच्या संख्येची दुप्पट, त्याचं वर्गमूळ, ही डालबर्ग यांची चूक मिलिमीटरमध्येच मिळते, म्हणून ती सर्वांत आधी सांगावी. सोबत ब्लँड-ऑल्टमनचा, म्हणजे दोन वेळच्या मोजमापांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा, आलेख ठेवावा. सहसंबंधाचा गुणांक ०.९९ आला म्हणून हुरळून जाऊ नये. पटाशीचे दात आणि दाढा एकाच यादीत टाकल्या की तो उंच येणारच. चूक तपासायची ती एकाच प्रकारच्या दातांमध्ये.

आकड्यांसोबत जपून ठेवायच्या गोष्टी अशा: कच्ची प्रोजेक्शनं, पुनर्रचनेची नोंद-फाइल, किलोव्होल्ट आणि फिल्टर, व्हॉक्सेल, ८ बिटच्या मर्यादा, प्रत्येक सीमेचा थ्रेशोल्ड आणि तो काढण्याची पद्धत, स्मूदिंगचे आवर्तन, मुकुटाची पातळी ठरवणारे बिंदू. टिफ प्रकारच्या चित्र-फाइलींच्या मालिकेत व्हॉक्सेलचं माप अनेकदा हरवतं आणि पुढचं सॉफ्टवेअर गुपचूप १ धरतं. ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवावं.